टॉवेलची ऑर्डर एक, देश दोन: झांबिया-बोत्सवाना हद्दीवरच्या कझुंगुला मार्गाची माहिती हवी

ताणाबाणा (प्रश्न)

नमस्कार. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे. आजोबांनी दोन मागांवर सुरू केला, पप्पांनी वाढवला, आणि दोन वर्षांपासून हिशेब अन् बाहेरच्या ऑर्डरी मी बघते. आजवर आमचा माल परदेशी गेला तो मुंबईच्या व्यापाऱ्यामार्फत, बिलावर नाव त्याचं. आता पहिल्यांदा आमच्या नावावर थेट ऑर्डर आलीय.

घेणारे गृहस्थ मूळचे गुजराती, तीन पिढ्या झांबियात राहिलेले. व्हिक्टोरिया धबधब्याजवळ लिव्हिंग्स्टन गावात त्यांचे दोन लॉज आहेत आणि नदीपलीकडे बोत्सवानातल्या कासानेला एक. पांढरे बाथ टॉवेल ६०००, ७० बाय १४० सेंटिमीटर, ५०० जीएसएम (चौरस मीटरला ५०० ग्रॅम वजन). शिवाय हँड टॉवेल ६०००. वजन साडेचार टनांच्या आसपास, म्हणजे वीस फुटी कंटेनरचं काम. साठ टक्के माल लिव्हिंग्स्टनला, चाळीस कासानेला. त्यांचं म्हणणं, डर्बन बंदरात उतरवा, तिथून बोत्सवानामार्गे कझुंगुला पुलावरून आणू आणि वाटेतच कासानेचा माल उतरवून घेऊ.

आमचा मुंबईचा फॉरवर्डर (माल परदेशी पोचवण्याची व्यवस्था बघणारा) म्हणतो, झांबिया म्हटलं की टांझानियाचं दार-ए-सलाम बंदर, दुसरा रस्ताच नको. कझुंगुला हे नाव त्यानं ऐकलेलं नाही. मी रात्री नकाशा मोठा करकरून बघितला. बोत्सवाना आणि झांबियाची हद्द एकमेकांना लागते ती नखाएवढी. तिथंच झिम्बाब्वे आणि नामिबियाही येऊन टेकलेत. एवढ्याशा फटीतून दोन देशांचा धंदा चालतो कसा? उद्या त्यांचं आपसात बिनसलं तर माझा माल कुठल्या देशात उभा राहील?

कंटेनर महिनाभर जरी अडकला तरी आमचा सुताचा पैसा अडकतो. चौदा कामगारांचा पगार त्यावर आहे. कुणी त्या भागात राहिलेलं, काम केलेलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

विजापूर नाका

ताई, आफ्रिकेचं मला काय ठाऊक नाही, पण हद्दीवर गाडी उभी राहिली की काय होतं ते चांगलं ठाऊक हाय. आमच्या दोन ट्रक आहेत. टाकळीचा पूल ओलांडून पलीकडं धूळखेडला गेलं की कर्नाटक. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि चेकपोस्ट उठले. त्याआधी तिथं कागदाला कागद लागेपर्यंत ड्रायव्हर रात्रभर गाडीखाली झोपायचा. भीमा तीच, पूल तोच, आता चहा न पिता गाडी पुढं जाते. रस्ता कसा आहे हे विचारू नका, हद्दीवर कागद किती वेळा दाखवायचा ते विचारा. आणि कासानेचा माल "वाटेत उतरवून घेऊ" हे मला पटलं नाही. सील लावलेला माल वाटेत उघडत नाहीत.

भीमाकाठ

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि दुपारची झोप उडाली. मी १९९४ ते २०१२ लिव्हिंग्स्टनला होतो. एका वाहतूक कंपनीत आधी हिशेबनीस, मग क्लिअरिंगचं काम. आता विजापूर रोडला राहतो. त्या अठरा वर्षांतली निम्मी मी कझुंगुलाच्या धक्क्यावर काढली असतील. तेव्हा पूल नव्हता, पाँटून होता.

पाँटून म्हणजे सपाट लोखंडी तराफा. झांबेझी तिथं सुमारे ४०० मीटर रुंद आहे. एका फेरीत एखादाच मोठा ट्रक जायचा. पाणी वाढलं, इंजिन बिघडलं की फेऱ्या बंद. दोन्ही काठांना ट्रकांची रांग, कधी आठवडा, कधी त्याहून जास्त. ड्रायव्हर रस्त्याकडेला चूल मांडायचे. झांबियाचे पोरं मक्याचा घट्ट न्शिमा शिजवायचे, बोत्सवानाचे ज्वारीच्या पिठाचा बोगोबे. मंगळवेढ्याच्या ज्वारीवर वाढलेला माणूस मी. ज्वारीला ते माबेले म्हणतात. पहिल्यांदा त्यांच्या पातेल्यातला तो वास आला तेव्हा गावाची अशी आठवण आली की बोलता येईना. पुढं ठाऊक झालं, बोत्सवानातल्या नाटाहून कझुंगुलाकडं येताना वाटेत पांडामाटेंगा लागतं, तिथं ज्वारीची शेतं आहेत, आपल्या मोहोळ-मंगळवेढ्यासारखी काळी सपाट जमीन. त्याच रस्त्यानं तुमचे टॉवेल जाणार आहेत. हत्ती आडवे येतात म्हणून रात्री गाडी चालवत नाहीत, तेवढं वेळेत धरा.

२००३ साली वाजवीपेक्षा जास्त भरलेल्या ट्रकनं पाँटून कलंडला आणि १८ माणसं बुडाली. मी तेव्हा तिथंच होतो. त्यानंतर कितीतरी दिवस तराफ्यावर पाय ठेवताना मी कठडा सोडला नाही. ऑगस्ट २००७ मध्ये दोन्ही सरकारांनी पुलाचा करार केला, तेव्हा धक्क्यावरच्या लोकांचा विश्वास बसला नाही, कारण ते ऐकत आलेले खूप दिवस. काम २०१४ ला सुरू झालं आणि १० मे २०२१ ला पूल उघडला. ९२३ मीटर लांब, खर्च सुमारे २६ कोटी डॉलर. कर्ज जपानचं आणि आफ्रिकी विकास बँकेचं, बांधकाम एका कोरियन कंपनीचं.

आता तुमची नखाएवढी हद्द. ती सुमारे १५० मीटर आहे, तुम्ही नकाशात बरोबर पाहिलंत. सरळ रेषेत पूल टाकला असता तर तो शेजाऱ्याच्या हद्दीत शिरला असता. म्हणून पूल वाकडा आहे. नदीत धनुष्यासारखा वळून तो फक्त या दोन देशांच्या पाण्यावरून जातो. एवढा खटाटोप दोघांनी का केला हे समजून घ्या, म्हणजे बिनसेल का या प्रश्नाचं उत्तर मिळेल. झांबियाला समुद्र नाही, आठ देश शेजारी आहेत. बोत्सवानालाही समुद्र नाही. डर्बनहून काँगोच्या तांब्याच्या पट्ट्यापर्यंत जाणारा माल झिम्बाब्वेतून बेटब्रिज-चिरुंडू असा जायचा, नाहीतर इथून. दुसरी वाट हाताशी असणं दोघांच्या पोटाचं आहे.

तुमच्या कामाचं आता नीट लिहितो.

दार-ए-सलामचं तुमचा फॉरवर्डर चुकीचं सांगत नाही. माल लुसाकाला किंवा वर तांब्याच्या पट्ट्यात असता तर मीही तेच म्हणालो असतो. तिथून झांबियातल्या कापिरी म्पोशीपर्यंत १८६० किलोमीटरची ताझारा रेल्वे आहे, रस्ताही आहे. पण लिव्हिंग्स्टन झांबियाच्या अगदी दक्षिण टोकाला. दारहून आणायचा तर आख्खा देश उभा कापून खाली यावं लागेल, आणि कासाने त्याहून पुढं. तुमच्या गिऱ्हाइकाचं डर्बन बरोबर आहे.

चूक आहे ती "वाटेत उतरवून घेऊ" यात. विजापूर नाकावाल्यांनी बरोबर ओळखलं. बोत्सवाना, दक्षिण आफ्रिका, नामिबिया, लेसोथो, इस्वातिनी यांचा एकच जकात संघ आहे, सक्यू म्हणतात. झांबिया त्यात नाही, तो कोमेसा या दुसऱ्या व्यापारी गटात आहे, आणि बोत्सवाना कोमेसात नाही. दोघं सॅडक या दक्षिण आफ्रिकी देशांच्या सहकार्य संघटनेत एकत्र आहेत, पण जकातीचं घर वेगळं. म्हणजे झांबियाचा माल बोत्सवानातून जातो तो बाँडवर (जकात न भरता, हमीवर), सीलबंद, फक्त वाटसरू म्हणून. कासानेचा माल मात्र त्या संघात राहणार, त्याचा हिशेब दक्षिणेकडूनच करावा लागतो. ट्रक बोत्सवानात शिरतो ते खाली लिंपोपोवर, मार्टिन्स ड्रिफ्टला. कझुंगुलाला तो बोत्सवानातून बाहेर पडतो. मग कासानेची आयात तिथं कशी होणार?

१९९८ ला आमच्या एका गिऱ्हाइकानं हेच केलं. कापडाचा ट्रक, कागद एक, मुक्काम दोन. मालकानं बोत्सवानातल्या फ्रान्सिसटाउनला सील तोडून निम्म्या गाठी उतरवल्या आणि नवीन सील लावलं. धक्क्यावर कागदावरचा नंबर वेगळा, दारावरचा वेगळा. ट्रक तेवीस दिवस उभा राहिला. पावसाचे दिवस, ताडपत्रीला भोक होतं. सोडवला तेव्हा वरच्या गाठींना बुरशी आलेली. मी त्या गाठी हातानं उलगडल्यात, म्हणून कळकळीनं सांगतो.

दोन बिलं, दोन पॅकिंग लिस्ट, दोन बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती), दोन सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन (माल कुठल्या देशाचा याचा दाखला) करा. कंटेनर एकच असू दे. जोहान्सबर्गला सिटी डीप म्हणून मोठं कोरडं बंदर (समुद्रापासून दूरचं कंटेनर-जकातीचं ठाणं) आहे, तिथल्या बाँडच्या गोदामात माल वेगळा करता येतो. तिथून दोन गाड्या. कार्टनवर लांबून दिसेल अशी खूण करा, नुसता छापील कागद चिकटवू नका, तो प्रवासात जातो. आणि गोदामाचा खर्च कुणाचा, हे आधी लेखी घ्या.

कझुंगुलाला आता दोन्ही देशांचं काम एकाच छताखाली होतं. वर जाणाऱ्या गाडीचं झांबियाच्या बाजूला, खाली येणारीचं बोत्सवानाच्या. एकदाच थांबायचं. ज्या धक्क्यावर मी आठवडे मोजले तिथं ही सोय झालीय हे लिहिताना आजही छाती भरून येते.

साखरपेठ

काका, माहिती उत्तम. पण पूल जपानच्या आणि बँकेच्या पैशानं, बांधला कोरियावाल्यांनी. यात दोन देशांची मैत्री कुठं दिसली? गरज संपली की कोण कुणाचं? ताईंनी मैत्रीच्या भरवशावर पैसा अडकवू नये एवढंच मला वाटतं.

इतिहासाची बाई

मी अक्कलकोटला शाळेत इतिहास शिकवते. साखरपेठ यांचा प्रश्न रास्त आहे, पण त्या फटीचा इतिहास पुलाहून पन्नास वर्षं जुना आहे.

झांबिया २४ ऑक्टोबर १९६४ ला स्वतंत्र झाला, बोत्सवाना ३० सप्टेंबर १९६६ ला. मधल्या काळात, ११ नोव्हेंबर १९६५ ला, शेजारच्या ऱ्होडेशियात (आजचा झिम्बाब्वे) गोऱ्या अल्पसंख्याकांनी परस्पर स्वातंत्र्य जाहीर केलं. झांबियाचं तांबं त्याच देशाच्या रेल्वेनं समुद्राकडे जायचं. बोत्सवानाची अवस्था याहून बिकट होती. एका अंगाला वर्णभेदी दक्षिण आफ्रिका, दुसऱ्या अंगाला ऱ्होडेशिया, तिसऱ्या अंगाला दक्षिण आफ्रिकेच्याच ताब्यातला नामिबिया. काळ्या बहुसंख्याकांचं राज्य असलेल्या देशाशी त्याला जोडणारी जमीन म्हणजे कझुंगुलाची ही एवढी फट.

१९७० मध्ये दक्षिण आफ्रिकेनं म्हटलं की बोत्सवाना आणि झांबियाला सामाईक हद्दच नाही. म्हणजे नदीवरची ती फेरीसुद्धा बेकायदा. बोत्सवानाचे अध्यक्ष सेरेत्से खामा यांनी ते मानलं नाही. सैन्यबळ नसलेल्या, अतिशय गरीब देशाचा हा नकार होता. पुढं अमेरिकेच्या मदतीनं नाटा ते कझुंगुला रस्ता झाला, त्याचं नावच बोटझॅम, बोत्सवाना आणि झांबिया जोडून केलेलं. १९७३ मध्ये ऱ्होडेशियानं झांबियाची हद्द बंद केली, नंतर उघडली, पण झांबियाचे अध्यक्ष केनेथ काउंडा यांनी आपल्या बाजूनं ती ऑक्टोबर १९७८ पर्यंत बंदच ठेवली. स्वतःच्या लोकांना महागाई सोसावी लागली तरी. वर्णभेदाच्या राज्यातून पळालेले कितीतरी निर्वासित याच तराफ्यावरून झांबियात गेले. १९७९ मध्ये ऱ्होडेशियाच्या सैन्यानं तो तराफा बुडवला. नखाएवढ्या हद्दीवरचा एक तराफा शत्रूला बुडवावासा वाटला, यावरून त्याची किंमत समजते.

१ एप्रिल १९८० ला लुसाकात नऊ देशांनी मिळून आर्थिक सहकार्याची संघटना स्थापली, तीच आजची सॅडक. पहिले प्रमुख खामा. बैठक काउंडांच्या राजधानीत, कचेरी खामांच्या राजधानीत, गाबोरोनला. साडेतीन महिन्यांत, जुलै १९८० मध्ये, खामा गेले. दक्षिण आफ्रिकेवरचं परावलंबन कमी करायचं हा त्या संघटनेचा मूळ हेतू होता, आणि सामाईक रस्ते-बंदरं हे तिचं पहिलं काम.

भीमाकाठ

बाई, तुम्ही लिहिलेलं तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून मी तुकड्या-तुकड्यांनी ऐकलेलं. सलग आज वाचलं. आभारी आहे.

साखरपेठ, पैसा बाहेरचा हे खरं, पण ते कर्ज आहे, फेड या दोघांनी करायची. शिवाय कर्ज देणारा दोन देशांना एका टेबलाला बसवू शकत नाही. कुठल्या काठाला किती जमीन, टोलचा हिशेब कसा, एकाचा कस्टम अधिकारी दुसऱ्याच्या जमिनीवर बसून कोणत्या कायद्यानं शिक्का मारणार, हे त्यांनाच ठरवावं लागलं. आपल्याकडं एका विहिरीचं पाणी दोन भावांत वाटताना काय होतं ते आपण बघतो.

अजून एक गोष्ट. पुलाच्या मधोमध रेल्वेसाठी एका रुळमार्गाची जागा ठेवलीय. तिथवर रेल्वे अजून आलेली नाही. येईल तेव्हा येईल, पण पूल पुन्हा बांधावा लागू नये म्हणून आजच तेवढा खर्च केला. सोलापूरच्या रेल्वे लाइन्समध्ये माझं बालपण गेलं, वडील गँगमन. त्या मोकळ्या पट्ट्याबद्दल मला जे वाटतं ते म्हणून कदाचित.

आणि हद्दीच्या दोन्ही अंगांना तीच माणसं आहेत. सुबिया लोक बोत्सवानात आहेत, झांबियात आहेत, नामिबियातही. लग्नं, मयत, भाजीपाला सगळं आरपार. इंडी-विजापूरला सोयरीक असलेल्या आपल्या कन्नड घरांसारखंच. आमच्या कचेरीत चहा करणाऱ्या बाईंची सख्खी बहीण पलीकडच्या काठाला दिलेली. पाँटून बंद पडला की त्या धक्क्यावर येऊन नुसत्या पलीकडं बघत उभ्या राहायच्या.

गरजेनं जवळ आलेले म्हणून ताईंनी त्यांच्यावर कमी भरवसा ठेवावा हे मला मान्य नाही. पैशाचा बंदोबस्त मात्र करा. अर्धी रक्कम आगाऊ आणि उरलेल्याची एलसी (बँकेची पैसे देण्याची लेखी हमी), यावर ठाम राहा. भरवसा देशांचा वेगळा आणि गिऱ्हाइकाचा वेगळा.

विजापूर नाका

काका, ते वाकड्या पुलाचं चित्र आत्ता मोबाईलवर बघितलं. आमचा ड्रायव्हर म्हणतो, लोड गाडीला वळण सोपं दिसतंय. त्याचं मत कळवलं.

ताणाबाणा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल पप्पांना हा धागा मोठ्यानं वाचून दाखवला. तेवीस दिवस आणि बुरशी ऐकल्यावर त्यांनी चष्मा काढून ठेवला.

झालेलं असं. गिऱ्हाइकाशी बोलले. दोन बिलं करायला ते लगेच तयार झाले, त्यांच्या बोत्सवानातल्या लॉजची कंपनी तशीही वेगळी नोंदलेली आहे. सिटी डीपच्या गोदामाचा खर्च ते देणार, तसं लेखी आलंय. आगाऊ चाळीस टक्के म्हणतात, मी पन्नासला अडून आहे. मुंबईच्या फॉरवर्डरला कागद पाठवले, त्यानं डर्बनचा दर दिला. एक गोष्ट मी स्वतः सुचवली आणि त्यांना आवडली. कार्टनवरच्या खुणेसोबत टॉवेलच्या काठालाच फरक ठेवायचा. लिव्हिंग्स्टनच्या मालाला डॉबीत (काठाच्या विणलेल्या नक्षीत) एक पट्टी, कासानेच्या मालाला दोन. म्हणजे गोदामात कार्टन फुटलं तरी नग ओळखू येईल, आणि पुढं धुलाईत दोन्हीकडचे मिसळले तरी. मास्टर म्हणाले, डिझाइन बदलायला अर्धा दिवस जाईल, जाऊ दे.

काका, एक विचारायचं राहिलं. पूल उघडला तेव्हा तुम्ही इथंच होता ना? परत गेलात का कधी?

भीमाकाठ

नाही ताई, जाणं झालं नाही. १० मे २०२१ म्हणजे कोरोनाची दुसरी लाट. सोलापुरात सगळं बंद. मी आणि बायको, दोघांनी फोनवर तो समारंभ बघितला. आवाज तुटत होता. पुढच्या महिन्यात, १७ जूनला, काउंडा वारले, ९७ व्या वर्षी. पूल उघडलेला त्यांना ठाऊक झाला असेल असं मी धरून चाललोय.

दोन पट्ट्यांची युक्ती फार चांगली. पन्नास टक्क्यांवरून हलू नका.

तुमचा ट्रक पुलावरून जाईल तेव्हा गिऱ्हाइकाला एक फोटो काढायला सांगा. ट्रकचा नको. झांबियाच्या काठावर उभं राहून खाली पाण्याकडं बघून काढायचा. पाँटून लागायचा तो उतार अजून आहे का, एवढंच मला बघायचंय.